सिस्टरचा शनिवार

"आज हवा अगदीच पडलीये, नाही का?" असं सिस्टर म्हणाल्या की समोरच्या माणसानं उठून पंखा लावायचा असे. हे मला कळायला बरेच शनिवार गेले. तोपर्यंत मी "हो ना, धुळ्याचा उन्हाळा म्हणजे काय" असं काहीतरी म्हणून ओढणीनं वारा घेत बसे, आणि सिस्टर माझ्याकडे नापास होणाऱ्या मुलीकडे बघावं तसं बघत बसत. पंखा डोक्यावर स्वस्थ लटकलेला आणि बटण माझ्या खांद्याजवळ. शेवटी एकदा शेजारची रुबीना आत आली, तिनं काही न बोलता बटण दाबलं आणि निघून गेली.

मी म्हटलं, सिस्टर, पंखा लाव असं सरळ म्हणायचं ना. त्या म्हणाल्या, "शनवारी आम्ही काम करत नाही. दुसऱ्याला सांगून करवूनही घेत नाही." मग हे काय होतं, असं मी विचारलं. "मी हवेबद्दल बोलले," त्या म्हणाल्या.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. पण धुळ्याचा विषय निघाला की माझ्या कपाळावर अजून आठी चढते.

माझं काम असं. मुंबईत ज्यू लोकांची एक संस्था आहे. समाजातले म्हातारे, आजारी, एकटे पडलेले लोक जिथं कुठं असतील तिथं औषधं आणि किराणा पोचवायचा, सणाचं सामान द्यायचं, डॉक्टरकडे न्यायचं आणि अधूनमधून नुसतं जाऊन बसायचं, हे ती संस्था करते. मी काही त्या समाजातली नाही, जळगावात राहणारी, समाजकार्य शिकलेली साधी बाई. खानदेशात मोजकीच घरं होती, ती माझ्याकडे आली. भुसावळला रेल्वेतून रिटायर झालेलं एक जोडपं, दीपनगरच्या कॉलनीत मुलाकडे राहणाऱ्या एक आजी आणि धुळ्याला सिस्टर. पहिल्या दोन घरांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ती माणसं पाणी हवं असलं की पाणी म्हणत.

सिस्टर मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. नोकरीनिमित्त तरुणपणी धुळ्याला आल्या, सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सगळी नोकरी काढली, लग्न केलं नाही, आणि धुळ्याच्याच देवपूर भागात दोन खोल्यांचं घर घेऊन तिथंच राहिल्या. पेशंटांशी बोलून बोलून अहिराणी अशी पक्की झाली होती की रागावल्या की दुसरी भाषा तोंडात यायचीच नाही. त्यांना कुणी विचारायचं, सिस्टर, तुम्ही ख्रिश्चन का? त्या म्हणत, नाही. मग मुसलमान? नाही. मग कोण? "शनवार तेली," त्या सांगत. कोकणात त्यांच्या लोकांचे तेलाचे घाणे असत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना तसं म्हणे. ऐकणारा "असं होय, तेली समाजाच्या" म्हणून समाधानानं निघून जाई. सिस्टर त्याला कधी दुरुस्त करत नसत. मी करायला गेले तर म्हणत, "जाऊ दे, त्याला घाई आहे."

ह्या घाण्याच्या अभिमानापायी मला काय कमी त्रास झाला? संस्था दर महिन्याला किराण्यात चांगल्या कंपनीचं रिफाइंड तेल पाठवी. सिस्टर ते पिशवीतून काढायच्या आणि परस्पर रुबीनाच्या घरी द्यायच्या. शुक्रवारी संध्याकाळी, शनिवार लागताना, दिवा लावतात तो घाण्याच्याच तेलाचा पाहिजे. मग मी उन्हात बाजारभर लाकडी घाणा शोधत फिरायची. मिळालेलं तेल त्या तळहातावर घेऊन हुंगत आणि म्हणत, "ह्या घाण्याचा मालक चांगला माणूस असावा." म्हणजे तेल बरं नाही, पण चालवून घेऊ.

वल्हांडण ह्या त्यांच्या सणाला मुंबईहून बेखमीर, म्हणजे न फुगवलेल्या पिठाच्या, भाकरीचे खोके येत. हा पुठ्ठा आहे, असं सिस्टर दरवर्षी जाहीर करत, आणि मग तो पुठ्ठा गल्लीतल्या प्रत्येकानं चाखलाच पाहिजे असा आग्रह धरत. भाजीवाल्या सुमनअक्कांना त्या तुकडा द्यायच्या, त्या बिचाऱ्या पाण्यात बुडवून खायच्या. त्यांच्या नव्या वर्षाला मात्र गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात त्या असा हलवा करत, की माझा वर्षभराचा राग दोन दिवस तरी पळून जाई. पण तोही सरळ वाढतील तर शपथ. "कुणाला आवडतो की नाही, कोण जाणे" असं भिंतीला म्हणायचं आणि ताटली माझ्या आणि भिंतीच्या मधे ठेवायची.

म्हणजे शनिवार हे निमित्त होतं. आडून बोलायची ही सवय आठवड्याच्या सातही दिवशी होती, शनिवारी फक्त तिला धर्माचा आधार मिळे. हे मी एकदा तोंडावर बोलून दाखवलं. तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मात्र मी विसरलेले नाही. वॉर्डात नव्या पोरी यायच्या, त्यांना त्या पहिल्या दिवशी सांगत, पेशंटनं पाणी मागितलं म्हणजे नर्स चुकली. "मागताना माणसाचं तोंड कसं होतं, ते मी रोज बघितलंय," त्या म्हणाल्या. "ते तोंड मला करायचं नाही."

मी म्हटलं, सिस्टर, पण सगळं जग काही तुमच्या वॉर्डात ट्रेनिंग घेऊन आलेलं नाही. त्यावर त्या म्हणाल्या की रुबीनाला कसं जमतं. रुबीना, पॉवरलूमवर काम करणाऱ्याची बायको, चार घरचं शिवणकाम करणारी, हिला सिस्टरचं प्रत्येक वाक्य पोचायचं. मला पोचायचं नाही. संस्थेनं तिलाच पगार द्यावा असं मला कितीदा वाटलं.

माझी आई धुळ्यालाच राहते. त्यामुळे शनिवारी मी सकाळी आईकडे येई आणि संध्याकाळी जळगावला परतताना वाटेत सिस्टरकडे डोकावून जाई. हे माझ्या कामात धरलेलं नव्हतं. शनिवारी संस्था बंद, संस्थेचं काम बघणाऱ्या मुंबईच्या मॅडमचा फोनसुद्धा बंद. मी आपली जात असे, का ते विचारू नका. दिवेलागणीच्या सुमाराला माझी गाडी असे. मी पर्सकडे हात नेला की सिस्टर म्हणायच्या, "आज तुझी गाडी चुकणार असं दिसतंय." इतकं करूनही ही बाई मला हाकलते, असं मनात म्हणत मी चपला घालून पळत सुटे.

आता तो शनिवार सांगते.

रुबीनाच्या घरचे सगळे लग्नाला मालेगावला गेले होते. मी त्या दिवशी दुपारीच सिस्टरच्या दारात आले, तर दार आतून बंद. हाक मारली. आतून आवाज आला, "कोण आहे?" मी नाव सांगितलं. थोडं थांबून सिस्टर म्हणाल्या, "आज कडी फार जड झालेली दिसते."

झालं, सुरू झालं, असं माझ्या मनात आलं. मी म्हटलं, मग जोर लावा आणि काढा. आतून उत्तर, "जोर असता तर काढली असती." मी म्हटलं, बरं नाही का? "माणूस जमिनीवर बसलं की उठायला वेळ लागतो." मग उठा सावकाश, मी थांबते, असं म्हणून मी खरोखरच पायरीवर बसले. उन्हात घामाघूम होऊन बसले आणि आतून सिस्टर काहीतरी बोलत राहिल्या. फरशी गार असते हे चांगलं आहे, म्हणाल्या. दिवा रात्रीच विझला, म्हणाल्या. मी हं हं करत होते. मग त्या म्हणाल्या, "कालपासून इथून छत फार स्वच्छ दिसतं." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

लूमवरून परतणाऱ्या दोघांना हाक मारून मी कडी तोडायला लावली. सिस्टर दिव्याच्या खाली आडव्या पडल्या होत्या. शुक्रवारी दिवा लावून वळताना पाय घसरला होता. म्हणजे सबंध रात्र आणि अर्धा दिवस त्या तिथं होत्या. आणि संस्थेनं अशाच वेळेसाठी दिलेला, मोठ्या बटणांचा, एक बटण दाबलं की थेट मला लागणारा फोन त्यांच्या हाताशी, खाटेच्या कडेवर होता.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. जीव धोक्यात असेल तर शनिवार मोडायचा असतो, हे तुमच्याच धर्मात आहे, मॅडमनी मला स्वतः सांगितलंय, असं मी ओरडून सांगितलं. सिस्टरनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जीव कुठं जात होता?" त्या म्हणाल्या. "खुबा मोडलाय. मी नर्स आहे, मला कळतं."

त्या दोघांनी त्यांना उचलायला हात घातला, तर सिस्टर छताकडे बघून म्हणाल्या, अशा वेळी दवाखान्यात खाली फळी सरकवत असत. फळी आणली. मग म्हणाल्या, पाय वळू नये म्हणून मधे उशी ठेवायची आमच्या वेळी पद्धत होती. उशी ठेवली. खुबा मोडलेली बाई आपल्याच उचलण्याची देखरेख करत होती, तीसुद्धा कुणालाही काहीही न सांगता. ॲम्ब्युलन्समध्ये त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, मला कुणी नेत असेल तर माझा इलाज नाही.

नंतर कळलं की सकाळी सुमनअक्का भाजीची हातगाडी घेऊन दारावरून गेल्या होत्या. सिस्टरनी आतून त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, आज दार काही उघडणार नाही असं दिसतंय. मी सुमनअक्कांना जाऊन विचारलं, तर त्या रडकुंडीला आल्या. "माले वाटनं, शनवार शे, सिस्टर भाजी लेत नही," त्या म्हणाल्या. त्यांची काय चूक? मी तर शिकलेली, पगारी, आणि पायरीवर बसून हं हं करत होते.

दवाखान्यात ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा तर मुंबईला विचारणार कुणाला? मॅडमचा फोन तारे दिसून शनिवार संपेपर्यंत बंद. मी स्वतःच्या जबाबदारीवर पुढं जायला सांगितलं. पण एक मान्य करते, अंधार पडताक्षणी मॅडमचा फोन आला आणि त्यानंतर मला कशाचीच काळजी करावी लागली नाही. ऑपरेशन, औषधं, रात्री सोबत बसायला बाई, सगळं झालं. शनिवार उतरला की ती माणसं वाऱ्यासारखी कामाला लागतात.

प्रश्न पुढचा होता. सिस्टरना आता एकटं राहता येणार नव्हतं. मुंबईजवळ समाजाचा वृद्धाश्रम आहे. स्वच्छ, डॉक्टर असलेला, जेवण त्यांच्या पद्धतीचं, शनिवारी प्रार्थना. मीच मॅडमना म्हटलं, ह्यांना घेऊन जा. आजही कुणी विचारलं तर मी म्हणेन की माझं बरोबर होतं. ज्या माणसाला मदत मागता येत नाही, त्यानं मदत आपोआप मिळते अशाच जागी राहावं.

मॅडमनी सिस्टरना फोन केला. मी बाजूलाच होते, दोन्हीकडचं ऐकू येत होतं. यायला आवडेल ना, असं त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, तुमच्याकडे गर्दी असेल. मॅडम म्हणाल्या, छे, खोली रिकामी आहे. सिस्टर म्हणाल्या, मुंबईची हवा दमट. मॅडम म्हणाल्या, खोलीला एसी आहे. सिस्टर म्हणाल्या, एवढ्या लांब गाडी पाठवायची म्हणजे तुम्हाला त्रास. मॅडम म्हणाल्या, त्रास कसला. मग मॅडमनी मला कळवलं, तयार आहेत हो, किती विचार करतात दुसऱ्याचा.

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांनी मला त्यांचं प्रत्येक वाक्य पोचलं होतं, आणि ते पोचलंय हे त्यांनाही दिसत होतं. मी खिडकीबाहेर बघितलं.

मग दवाखान्यात रोज सिस्टरचं तेच. रुबीनाच्या बकरीला माझ्या अंगणातला पाला लागतो. नळाला पाणी येईल आणि माझं पिंप रिकामं असेल. सुमनअक्का रविवारी मेथी आणते. मी सगळ्याला हो का, असं का, म्हणत राहिले. मी मनाशी ठरवलं होतं की आता सरळ सांगितल्याशिवाय मला काहीही कळणार नाही. एकदा रुबीना मला व्हरांड्यात गाठून म्हणाली, "दीदी, ते नाही म्हणतायत. तुम्हाला समजतंय सगळं." मी म्हटलं, त्यांना तोंड आहे.

गाडी आली तो रविवार होता. मॅडम स्वतः आल्या होत्या. सिस्टरना निघण्याआधी घर दाखवायला देवपुरात आणलं होतं, त्या ओसरीवर व्हीलचेअरमध्ये बसल्या होत्या. रुबीनानं बॅग भरली होती आणि ती कुणाशी बोलत नव्हती. चौकटीवर तिरपी ठोकलेली एक छोटी डबी होती, तिच्यात प्रार्थनेचा कागद असतो, ज्यूंच्या घराची ती खूण. जाता येता सिस्टर तिला बोटं लावून ती ओठांना लावत. मॅडम म्हणाल्या, ही काढून घेऊ, तिकडे तुमच्या खोलीच्या दाराला लावू.

सिस्टर म्हणाल्या, डबी काढली तर खिळ्यांची भोकं राहतील.

मॅडम म्हणाल्या, आम्ही बुजवून देऊ ना.

त्या क्षणी मला दोघींचाही इतका संताप आला की मी सिस्टरच्या समोर जाऊन उकिडवी बसले. म्हटलं, सिस्टर, आज शनिवार नाही. आज रविवार आहे. काय हवंय ते सांगा. मी दुसऱ्या कुठल्याही पद्धतीनं ऐकणार नाही.

त्यांच्या चेहऱ्यावर काय काय होऊन गेलं. त्यांनी मला एकदा सांगितलेलं ते तोंड, मागणाऱ्याचं, ते मला तेव्हा दिसलं, आणि आपण हे बघायला नको होतं असं वाटलं. मग त्या बोलल्या, आणि बोलल्या त्या अहिराणीत.

"माले जानं नही. माले आठेच राहू दे."

मॅडमना अहिराणी येत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि सांगितलं, त्यांना जायचं नाहीये, त्यांना इथंच राहायचंय. मॅडम पायरीवर बसल्या, त्यांनी डोक्याला हात लावला, आणि मग म्हणाल्या, "मग आधी का नाही बोललात?" हा प्रश्न मी किती वर्षं विचारत होते.

गाडी रिकामी परत गेली. संस्थेनं मोरीत धरायला दांड्या बसवल्या, उंच पलंग दिला, आणि रुबीनाच्या नणंदेला दिवसरात्र सोबतीला नेमलं. बरं वाटल्यावर सिस्टरनी प्रेषित एलियाहूच्या नावानं मलिदा केला, म्हणजे नणंदेकडून करवला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात, ते धुळ्यात कुठले मिळायला? सिस्टर म्हणाल्या, एलियाहूला खानदेशची अडचण कळते. गल्लीतल्या सगळ्यांनी दोन दोनदा खाल्ला.

एकदा मागून झालं म्हटल्यावर बाईंची जीभ सुटली. रविवार ते शुक्रवार मला नुसते हुकूम. उशी सरकव, हा चहा नाही, गोड पाणी आहे, तेल बदलून आण, तुझी ओढणी नीट धुतलेली नाही. मला ते आडून बोलणं बरं वाटायला लागलं. आणि शनिवार उजाडला की पुन्हा हवा पडलेली असे.

त्या गेल्या तेव्हा संस्थेनं प्रार्थनेसाठी मुंबईहून दहा पुरुष मोठ्या गाडीत घालून आणले. उन्हानं ते अगदी हैराण झाले होते. त्यातला एक जण घराच्या ओसरीवर कपाळ पुसत म्हणाला, काय उकडतंय इथं. मी, रुबीना आणि तिची नणंद, तिघी एकदम पंख्याच्या बटणाकडे गेलो.

त्या गेल्या त्याच्या आधीच्याच शनिवारची गोष्ट. सिस्टर बऱ्याच थकल्या होत्या. मी आईकडून येऊन बसले होते. बाहेर रुबीना भेटली होती, तिला मी सहज म्हटलं होतं की अजूनही गाडी चुकेल म्हणून हाकलतात बघ मला. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "दीदी, ते तुम्हाला थांबवतात. तुम्ही पळता."

मी आत आले ती ह्या वाक्याचा राग घेऊनच. इतकी वर्षं, इतके शनिवार. दिवेलागण झाली, मी मुद्दाम पर्स उचलली. सिस्टर पलंगावरून म्हणाल्या, "आज तुझी गाडी चुकणार असं दिसतंय."

मी म्हटलं, सिस्टर, थांब म्हणायला कुठलं काम करावं लागतं? शनिवारी ते चालतं. मी मॅडमना विचारून घेते हवं तर.

त्या म्हणाल्या, "मॅडमचा फोन बंद असेल."

मी चपला काढल्या, पर्स खुंटीला अडकवली आणि पलंगाशेजारी बसले. जळगावची गाडी तेवढ्यात स्टँडवरून सुटली असेल. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, आज आभाळ स्वच्छ असावं. हे मला पोचलं. मी अंगणात जाऊन मान वर करून उभी राहिले. आकाशात तीन तारे दिसले की शनिवार संपतो. एक लगेच दिसला, दुसरा घरांच्या वर होता, तिसऱ्यासाठी बरंच थांबावं लागलं.

आत येऊन मी म्हटलं, दिसले तीन.

"मग चहा टाक," सिस्टर म्हणाल्या. "दोन कप. आणि बस इथं, मला बोलायचंय."